‘८८ क्रेडिट पक्के’ : ट्रान्सफरच्या नावाखाली पुण्यात होणारी फसवणूक

दुसरं वर्ष संपवून अमेरिकेतल्या विद्यापीठात बदली घ्यायची, म्हणजे ‘ट्रान्सफर’ जायचं, असं ठरवणारी मुलं पुण्यात दरवर्षी असतात. त्यांना गाठणारे सल्लागारही असतात. हे प्रकरण अशाच एका विद्यार्थिनीचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, २०१९ पॅटर्न (म्हणजे त्या वर्षीचा अभ्यासक्रम), एसई म्हणजे दुसरं वर्ष पूर्ण, एकही बॅकलॉग नाही. डेक्कनच्या बाजूचं ऑफिस, भिंतीवर झेंडे, टेबलावर ‘क्रेडिट ट्रान्सफर पॅकेज’चं माहितीपत्रक. किंमत ९५,००० रुपये.

सल्लागाराने कागदावर गणित मांडलं. चार सत्रं, प्रत्येकी २२ क्रेडिट, झाले ८८. अमेरिकेत पदवीला १२० लागतात. उरले ३२. म्हणजे साधारण वर्षभरात डिग्री, एका वर्षाची फी वाचली, आणि त्यापुढे ९५ हजार म्हणजे काहीच नाही. आईवडिलांना पटलं, कारण बेरीज-वजाबाकी बरोबर होती. चूक बेरजेत नव्हतीच. इथला एक क्रेडिट म्हणजे तिथला एक क्रेडिट, हे गृहीतच खोटं होतं.

आपल्याकडे आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक क्रेडिट. अमेरिकेतली व्याख्या वर्गातल्या एका तासाबरोबर वर्गाबाहेरचा दोन तासांचा अभ्यासही धरते, साधारण पंधरा आठवडे. म्हणून तिथला पूर्णवेळ विद्यार्थी सत्राला १५ च्या आसपास, वर्षाला ३० च्या आसपास क्रेडिट घेतो आणि चार वर्षांत १२० करतो. आपल्याकडचा आकडा तसाच उचलून कुणी ठेवत नाही. परदेशी मार्कशीट अमेरिकेच्या क्रेडिटमध्ये मांडून देणाऱ्या संस्था असतात. अशी मूल्यमापन करणारी संस्था आपलं एक पूर्णवेळ वर्ष त्यांच्या एका वर्षाशी ताडते. म्हणजे ८८ चे साधारण ६० होतात. पुढे या मुलीचा खरा अहवाल आला तेव्हा त्यात ६२ होते. त्यातले विद्यापीठाने ४१ स्वीकारले. आणि त्या ४१ पैकी पदवीच्या अटींमध्ये बसले २६. सल्लागाराने विकले होते ८८.

‘स्वीकारले’ आणि ‘बसले’ यांतला फरक कुठलंच माहितीपत्रक सांगत नाही. विद्यापीठ एखादा विषय ‘जनरल इलेक्टिव्ह’ म्हणून खात्यावर टाकतं. क्रेडिट दिसतं, पण त्यामुळे सक्तीचा एकही विषय कमी होत नाही. इंग्रजी लेखन, सामाजिक शास्त्रं, मानव्यविद्या या ‘जनरल एज्युकेशन’च्या अटी पुरवणारे विषय आपल्या इंजिनिअरिंगच्या मार्कशीटमध्ये जवळपास नसतातच. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत तर अमेरिकेच्या इतिहासाचे ६ आणि शासनव्यवस्थेचे ६ क्रेडिट राज्याच्या कायद्यानेच घ्यावे लागतात. शिवाय ठरावीक क्रेडिट, बऱ्याच ठिकाणी शेवटचे ३०, त्याच विद्यापीठात करावे लागतात.

गणिताची गोष्ट जास्त अडते. आपल्या एम-वनमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंग गणिताच्या पहिल्या विषयात, टेलर, फोरिए, आंशिक विकलन आणि मॅट्रिक्स. एम-टूमध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स, कर्व्ह ट्रेसिंग, मल्टिपल इंटिग्रल्स. तिकडे हेच चार वेगवेगळ्या विषयांत विभागलेलं असतं: कॅल्क्युलस दोन, कॅल्क्युलस तीन, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. कॅल्क्युलस एकचा बराचसा भाग तर आपण बारावीतच उरकलेला असतो, आणि तो कॉलेजच्या मार्कशीटवर येत नाही. परिणाम असा की चारही विषयांचं थोडंथोडं येतं, पण एकाही विषयाची पूर्ण जुळणी होत नाही. आणि पुढच्या विषयांची साखळी कॅल्क्युलसपासूनच सुरू होते. यावरचे उपाय दोनच आहेत: युनिटनिहाय अभ्यासक्रम लावून त्या विभागाला विषय पुन्हा तपासायला सांगणं, किंवा विभागाची परीक्षा असेल तर ती देणं. वर्कशॉप प्रॅक्टिस, इंजिनिअरिंग ग्राफिक्स यांचं कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीत सहसा काही होत नाही. डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स चांगल्या ग्रेडने झालं असेल तर जागा मिळण्याची आशा असते. बहुतेक ठिकाणी ‘सी’च्या खालची ग्रेड चालत नाही, म्हणून आपल्याकडे ‘पी’वर, म्हणजे जेमतेम पासच्या ग्रेडवर, निघालेला विषय धोक्यातच समजावा.

आता पैसे कसे गेले ते. पहिल्या हप्त्यानंतर तीन आठवड्यांत तिच्या हातात ‘इव्हॅल्युएशन रिपोर्ट’ आला. जाड कागद, होलोग्राम, भारदस्त इंग्रजी नाव, खाली ओळ: ‘अमेरिकन सरकारमान्य, नेसेस-प्रमाणित’. खोटेपणा ओळखायला ही ओळच पुरेशी होती. अमेरिकेचं शिक्षण खातं परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन करत नाही आणि मूल्यमापन करणाऱ्या कुठल्याही संस्थेला मान्यताही देत नाही. नेसेस ही १९८७ मध्ये स्थापन झालेली संस्थांची संघटना आहे. ती स्वतः एकही अहवाल काढत नाही. तिच्या सदस्यांची यादी तिच्या संकेतस्थळावर उघडी आहे: न्यूयॉर्कची १९७४ पासूनची डब्ल्यूईएस, मिलवॉकीची ईसीई वगैरे. यादीत नाव नसेल तर संस्था सदस्य नाही, इतकं ते सोपं आहे. तपासायला पाच मिनिटं लागतात. तो रिपोर्ट डेक्कनच्याच ऑफिसात छापलेला होता.

खरा अहवाल विद्यार्थ्याच्या हातात आधी येऊन मग विद्यापीठाकडे जात नाही. संस्था तो थेट विद्यापीठाला पाठवते. विद्यार्थ्याला मिळते ती प्रत. ट्रान्सफरसाठी विषयवार अहवाल लागतो, ज्याला ‘कोर्स-बाय-कोर्स’ म्हणतात. त्याचं शुल्क दोनशे डॉलरच्या आगेमागे, पाठवणी वेगळी. नुसता ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ अहवाल ‘भारतातली दोन वर्षं पूर्ण’ एवढंच सांगतो. कॅनडाच्या स्थलांतरासाठी काढलेला ईसीए दाखला तर या कामाचाच नाही. तोही पुण्यात ‘एकाच फीमध्ये दोन्ही कामं’ म्हणून विकला जातो.

ट्रान्स्क्रिप्टचंही, म्हणजे सगळ्या सत्रांच्या विषय-गुणांच्या अधिकृत प्रतीचंही, तसंच. ती पुणे विद्यापीठाकडून थेट जायला हवी, बंद पाकिटात किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने. पाकिटाच्या जोडावर सही-शिक्का असतो. सल्लागाराने ‘एकदा स्कॅन करून घेतो’ म्हणून पाकीट फोडलं आणि सेलोटेप लावून परत बंद केलं. त्या क्षणी तो कागद कितीही खरा असला तरी अधिकृत राहिला नाही. कॉलेज स्वायत्त असेल तर ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजची चालते की विद्यापीठाचीच लागते, हे मूल्यमापन संस्थेच्या भारतासाठीच्या सूचनांत बघून मगच अर्ज करावा. नाहीतर एक महिना तिथेच जातो.

मग आला अपोस्टिलचा हप्ता: सहा कागद, २४,००० रुपये. भारत २००५ मध्ये हेग अपोस्टिल करारात सामील झाला आणि अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देतं. त्याचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, बाकी वरखर्च आणि मध्यस्थाची हमाली. मुळात अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढीच साक्ष. अभ्यासक्रमाबद्दल, क्रेडिटबद्दल तो अवाक्षर काढत नाही. या मुलीच्या विद्यापीठाने तो मागितलाही नव्हता. ‘लागेल तर असू दे’ या वाक्यावर पुण्यात किती पैसे गेले असतील, देव जाणे.

सगळ्यात महाग पडली ती फुकटात केलेली एक गोष्ट. विद्यापीठाचा अर्ज सल्लागाराने स्वतःच्या ईमेलवरून भरला, पासवर्डही त्याच्याकडेच. विद्यापीठाने तीन आठवड्यांत कळवलं होतं: हा अहवाल आमच्या यादीतल्या संस्थेचा नाही, ट्रान्स्क्रिप्ट अधिकृत नाही, विषयांचे अभ्यासक्रम जोडा. मेल ऑफिसात पडून राहिलं. नंतर अभ्यासक्रम जोडले गेले तेही २०१५ पॅटर्नचे. विषयांचे कोड मार्कशीटशी जुळेनात, म्हणून फाइल परत. घरी मात्र ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच कळत होतं. फॉल सत्राची, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राची, मुदत गेली. पहिल्यांदा शंका आली ती मुलीने स्वतःच्या मेलवरून विद्यापीठाला विचारल्यावर.

खरा क्रम याच्या उलटा आहे, आणि त्यात सल्लागार लागत नाही. आधी त्या विद्यापीठाच्या ट्रान्सफर कार्यालयाला स्वतःच्या मेलवरून तीन प्रश्न विचारायचे: बाहेरचा अहवाल लागतो की तुम्हीच मूल्यमापन करता? लागत असेल तर कुठल्या संस्थांचा? क्रेडिटचा निर्णय प्रवेशाआधी मिळेल की नंतर? काही विद्यापीठं सगळं स्वतःच करतात, तिथे दोनशे डॉलरही वाचतात. बऱ्याच विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर आधी स्वीकारलेल्या विषयांची सूची असते, तीही चाळावी. उत्तर आल्यावर संस्थेकडे स्वतःच्या नावाने खातं, मग मिळालेल्या संदर्भ क्रमांकासह पुणे विद्यापीठाकडे ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज. त्याच वेळी आपल्याच पॅटर्नचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायचे. प्रत्येक विषयाची वेगळी पीडीएफ, फाइलच्या नावात कोड. मुदतीच्या तीन महिने आधी सुरुवात केली तर धावपळ होत नाही. आणि क्रेडिटचा अंतिम आकडा त्या विद्यापीठाशिवाय जगात कुणीही देऊ शकत नाही, मूल्यमापन करणारी संस्थासुद्धा नाही. तिचा अहवाल म्हणजे शिफारस.

पैसे गेलेच असतील तर. नुकतेच ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. पावती, यूपीआयचा तपशील, व्हॉट्सॲपवरचं ‘८८ पक्के’, सगळं जपून ठेवावं. बहुतेक पावत्यांवर ‘सल्ला शुल्क, परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं. ते बघून गप्प बसायचं कारण नाही, सेवेतली त्रुटी तरीही त्रुटीच राहते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बनावट अहवाल छापून दिला असेल तर ते नुसतं ग्राहकाचं भांडण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे पूर्वीचं ४२०, तिथे लागतं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

पण त्याही आधी एक काम. तो बनावट कागद विद्यापीठाच्या पोर्टलवर आपल्या नावाने चढलेला आहे. तो कुणी चढवला हे विद्यापीठाला माहीत नसतं, आणि अर्जाखाली खरेपणाची सही विद्यार्थ्याची असते. त्यांनी विचारायच्या आत स्वतःच्या मेलवरून कळवायचं: अमुक अहवाल मागे घेत आहे, तो एका मध्यस्थाने दिला होता, अधिकृत अहवाल अमुक संस्थेकडून थेट येईल. सोबत पोलिसांकडच्या अर्जाची पोच जोडायची. या मुलीने तेच केलं. तिचा अर्ज बाद झाला नाही, पुढच्या स्प्रिंग, म्हणजे जानेवारीच्या सुमारास सुरू होणाऱ्या, सत्रात ढकलला गेला. सल्लागाराकडच्या ९५ हजारांपैकी अजून एक रुपया आलेला नाही.