क्लोरहेक्सिडिन की पेप्टाइड? दातांवरच्या बायोफिल्मसाठी काय निवडावं

सकाळी दातांवरून जीभ फिरवली की बुळबुळीत थर लागतो. तीच बायोफिल्म: जिवाणूंनी स्वतःच्याच चिकट शर्करेत थाटलेला संसार. या थरातले जिवाणू मारायला सुट्या जिवाणूंच्या शंभर ते हजार पट औषध लागू शकतं. म्हणून औषध निवडताना ते थरात शिरतं का आणि तोंडात टिकतं का, हे आधी पाहावं.

टिकण्यात क्लोरहेक्सिडिन, म्हणजे चूळ भरायचं जंतुनाशक, फार पुढे आहे. १९७० साली लो आणि शिऑट या संशोधकांनी दाखवलं, की दात घासणं बंद ठेवून ०.२ टक्क्याच्या द्रावणाने दिवसातून दोनदा चूळ भरली तरी नवं कीटण जमत नाही. धनभारामुळे हा रेणू दातांना आणि गालाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि तासन्‌तास सुटत राहतो. पण जुन्या, जाड थरात तो जेमतेम शिरतो. दोन-तीन आठवड्यांत दात तपकिरी पडू लागतात, चवही बिघडते.

जिवाणू मारणारी पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, मुळात आपल्या लाळेतलीच: हिस्टॅटिन-५ चोवीस अमिनो आम्लांचं, एलएल-३७ सदतीस. कोस्टमन या जन्मजात रक्तविकाराच्या रुग्णांत एलएल-३७ नसतं आणि त्यांच्या हिरड्यांची लहानपणीच दैना होते. हा पुरावा मला प्रयोगशाळेतल्या आकड्यांहून मोलाचा वाटतो. शिवाय पेप्टाइडला नेम धरायला शिकवता येतं. सी१६जी२ या कृत्रिम पेप्टाइडमध्ये दात किडवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जिवाणूच्या स्वतःच्या संदेश-रेणूचा तुकडा जोडलेला आहे. त्यामुळे ते मुख्यतः त्याच जिवाणूला गाठतं आणि बाकीची उपयोगी वस्ती बरीचशी शाबूत राहते. क्लोरहेक्सिडिनला ही निवड जमत नाही.

अडचण तोंडातच आहे. लाळेतले क्षार पेप्टाइडची धार बोथट करतात आणि प्रथिनं कापणारी विकरं त्याचे तुकडे पाडतात. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा जिवाणू तर अशी विकरं भरपूर सोडतो. पेप्टाइडं बनवायलाही महाग.

म्हणून हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर, ब्रश लावता येत नाही त्या दिवसांत, मी क्लोरहेक्सिडिनच निवडेन. रूट कॅनालमध्ये सोडियम हायपोक्लोराइट हवंच, कारण सडलेला गर तेच विरघळवतं. पेप्टाइडची खरी जागा मला इम्प्लांटवर दिसते. टायटॅनियमला पक्कं बांधलेलं पेप्टाइड चुळीबरोबर वाहून जात नाही, आणि पहिला जिवाणू टेकतो तिथेच त्याला गाठतं. आधीच साचलेला थर मात्र ब्रशने किंवा स्केलिंगनेच खरवडावा लागतो, बाटली कोणतीही घ्या.