पाळण्यातलं पोर साडेसहा फुटाचं

मी आर्वी तालुक्यातला गवंडी. छत्तीस वर्षं थापी-घमेलं केलं, आता गुडघ्यांनी जवाब दिला. पोरगी जर्मनीत नर्स आहे. तिनं ऑक्टोबरात आम्हा दोघांना रोमला नेलं, तेव्हा व्हॅटिकनचं सेंट पीटर्स बॅसिलिका, म्हणजे पोपसाहेबांचं मोठं चर्च, आणि त्याच्यापुढचा चौक पाहिला. तिथले फोटो सगळेच टाकतात, बांधकामावर कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहितो.

आधी रांगेचं. आत जायला पैसे लागत नाहीत, पण तपासणी होते. आम्ही सकाळी सातच्या सुमारास गेलो म्हणून वीस मिनिटांत सुटलो. दहाला बाहेर पाहिलं तर प्रकटदिनाला शेगावात असते तशी रांग. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. साडीला काही अडचण आली नाही, आमच्या पुढचा हाफपँटवाला मात्र परत गेला. माझ्या खिशातला पाच मीटरचा टेप मशीनमध्ये दिसला. शिपायानं तो ओढून पाहिला, हसला आणि परत दिला. पोरगी म्हणे, "बाबा, टेप कायले आणला?" आता गवंडी माणूस एवढं मोठं काम पाहायला जाईल तो काय रिकाम्या हातानं?

चौक बर्निनी नावाच्या शिल्पकाराचा, १६५६ ते १६६७ मधला. दोन्ही बाजूंनी वाकलेले दोन हात, त्यात २८४ खांब, चार-चार ओळींत. जमिनीवर एक गोल दगड बसवलाय, त्यावर उभं राहायचं. आमची मंडळी उभी राहिली आणि ओरडलीच, "अवो, मांगचे खांब कुठी गेले?" चारही ओळी एकामागे एक दडतात, एकच ओळ दिसते. दोन पावलं सरकलं की पुन्हा जंगल. सरळ भिंतीला सूत धरणं सोपं आहे, पण वाकत्या ओळीत चार खांब एका रेषेत आणायचे तर बाहेरचा खांब आतल्यापेक्षा जाड ठेवावा लागतो. त्यानं तसाच ठेवलाय. मी अर्धा तास त्या दगडावरून हललो नाही, मागे फोटोवाले चिडले.

मधोमध इजिप्तहून आणलेला एकसंध दगडाचा स्तंभ आहे, पंचवीस मीटर उंच, वजन तीनशे टनांच्या वर. १५८६ साली फोंताना नावाच्या मिस्त्रीनं तो बाजूच्या जागेवरून इथं आणून उभा केला. नऊशेच्या आसपास माणसं, घोडे, रहाट, दोर. उचलताना कोणी तोंड उघडलं तर फाशी, असा हुकूम होता म्हणे. दोर तापून ढिले पडायला लागले तेव्हा एक खलाशी ओरडला, "दोरांना पाणी मारा!" आणि काम वाचलं. ही सांगोवांगीची गोष्ट आहे, पण खलाशाचं म्हणणं मला पटतं. अंबाडीचा दोर ओला झाला की आवळतो, हे आमच्याकडं खाटा विणणाऱ्यालाही ठाऊक आहे.

आता खोट सांगतो. चौकाच्या दुसऱ्या टोकावरून घुमट छान दिसतो, पण जसजसं जवळ जावं तसा तो दर्शनी भिंतीमागं बुडत जातो. घुमटाचा नकाशा मिकेलांजेलो या शिल्पकाराचा, त्यात तसं नव्हतं. पुढं मादेर्नो नावाच्या मिस्त्रीनं सभागृह लांबवलं आणि घुमट मागं पडला. त्या भिंतीच्या दोन टोकांवर बुरूजही चढवायचे होते. बर्निनीनं डावीकडचा चढवला, पण खालची जमीन पाण्याची निघाली, भिंतीला तडे गेले, आणि १६४६ साली बुरूज उतरवावा लागला. हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाया वर येतो, उन्हाळ्यात खाली बसतो, आणि भिंत तडकली की घरमालक गवंड्याला शिव्या देतो. तिथं तर पोपसाहेबांचा गवंडी होता.

आत गेल्यावर पहिल्यांदा वाटलं, ठीक आहे, मोठं आहे. एवढं काय त्यात? मग तीर्थाच्या पाण्याची संगमरवरी शिंपली दिसली, तिला धरून दोन गुबगुबीत बाळं. मी जवळ गेलो तर बाळाचं डोकं माझ्या डोक्याच्या वर. टेप लावायचा होता, पोरीनं हात धरला. अंदाजानं साडेसहा फूट. तेव्हा कुठं बाकीचं माप लागलं: वर भिंतीवर सोन्याच्या पट्टीत जी अक्षरं आहेत, ती माणसाएवढी! सगळंच त्या हिशेबानं मोठं केलंय, म्हणून डोळा फसतो. भिंतींवरची चित्रंही रंगवलेली नाहीत, बहुतेक बारीक तुकडे बसवून केलेली आहेत. पिएता, म्हणजे येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची मिकेलांजेलोनं घडवलेली मूर्ती, काचेमागं आहे. १९७२ साली एकानं तिच्यावर हातोडा चालवला होता. हातोडा असा वापरणाऱ्याबद्दल मी काय बोलू?

घुमटावर ५५१ पायऱ्या. तिकीट वेगळं, लिफ्टचं जास्त. लिफ्ट गच्चीपर्यंतच नेते, पुढं ३२० पायऱ्या सगळ्यांनाच. माझ्या गुडघ्यांनी नको म्हटलं तरी गेलो, कारण हा घुमट विटांचा आहे, एकात एक दोन कवच, आणि जिना त्या दोन कवचांच्या मधून जातो. भिंत वाकत जाते तसं आपणही एका अंगाला कलून चढायचं. मिकेलांजेलो १५६४ ला वारला, घुमट १५९० मध्ये देल्ला पोर्ता नावाच्या मिस्त्रीनं पुरा केला. पुढं त्याला तडे गेले, तेव्हा १७४० च्या दशकात बाहेरून लोखंडी कड्या आवळल्या. कड्या आहेत म्हणूनच मी निवांत वर उभा राहिलो. श्वास लागणाऱ्यांनी आणि जाड माणसांनी मात्र जाऊ नये, शेवटी फार अरुंद आहे.

अख्खं काम १५०६ ते १६२६, एकशेवीस वर्षं. न संपणाऱ्या कामाला रोमचे लोक 'सेंट पीटर्सचं काम' म्हणतात. आमच्या गावचं समाजमंदिर अकरा वर्षं लिंटेलवर उभं आहे, त्याला आता हेच नाव द्यावं म्हणतो.

चौकात बसायला बाक नाहीत, खांबांच्या जोत्यावर टेकायचं. सावली मिळते. पिण्याचं पाणी नळाला फुकट. आजूबाजूचं खाणं महाग आणि आमच्या तोंडाला फिकं. मंडळीनं शेंगदाण्याची चटणी नेली होती, निभावलं.

निघताना खांबांच्या कडेला एक माणूस गुडघ्यावर बसून फरशीचे चौकोनी काळे दगड बसवत होता. त्या दगडांना सानपिएत्रिनी म्हणतात, आणि इथं डागडुजी करणाऱ्यांनाही तेच नाव. मी उभा राहिलो. त्याच्या डाव्या हाताचा एक दगड बोटभर वर होता. मी पायानं दाखवला. त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं, मग दगडावर दोन ठोके मारले आणि हात फिरवून पाहिला. अजूनही किंचित वर होता. मी मान हलवली. त्यानं पुन्हा हातोडा उचलला. पोरगी पलीकडून हाका मारत होती, बस सुटते म्हणून.