खुबा बदलल्यावर परसातल्या शौचालयात कमोड खुर्ची कशी चालते

चार पायांची, सीटला मधे भोक असलेली, देशी भांड्यावर ठेवून बसायची, उंची कमी-जास्त करता येणारी ॲल्युमिनियमची कमोड खुर्ची कोकणातल्या घरात ऑपरेशनच्या आधीच येऊन बसायला हवी. इथे अजून कितीतरी घरांत शौचालय परसात आणि भांडं देशी. मागून चीर देऊन खुबा बदलला असेल तर साधारण ६ ते १२ आठवडे धड आणि मांडी यांच्यात ९० अंशांपेक्षा कमी कोन होऊ द्यायचा नसतो, पायावर पाय टाकायचा नसतो, पाऊल आत वळवायचं नसतं. उकिडवं बसलं की पहिलंच पथ्य मोडतं आणि नवा सांधा खोबणीतून निसटू शकतो. पुढून चीर असेल तर पथ्यं वेगळी. ती सर्जनकडूनच समजून घ्यावीत.

कमोडवर नुसती अडकवायची उंच सीट स्वस्त मिळते, पण देशी भांड्यावर तिचा उपयोग शून्य. शिवाय बऱ्याच सीटना हात नसतात, आणि उठताना सगळी मदार हातांवरच असते. खुर्ची घ्या.

उंची पेशंट घरी चालता-फिरता असतानाच ठरवावी. रोजच्या चपला घालून उभं राहायचं, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजायचं आणि त्यात ५ सेंटीमीटर मिळवायचे. घडी ४४ वर आली तर सीट ४९च्या आसपास. बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा किंचित खाली आणि दोन्ही तळपाय पूर्ण टेकलेले हवेत. पायांवर उंची बदलायला भोकं आणि त्यांत अडकणारी स्प्रिंगची बटणं असतात. ‘उंच तेवढी बरी’ म्हणून सीट पार वरपर्यंत चढवली तर बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात आणि उठताना जमिनीला रेटा देता येत नाही. चारही पायांची बटणं एकाच क्रमांकाच्या भोकात खट्कन बाहेर आली पाहिजेत. अर्धवट अडकलेलं बटण वजन पडल्यावर आत जातं आणि खुर्ची एका कोपऱ्यात खचते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो भांड्याच्या चौथऱ्यावर. जुन्या शौचालयात भांडं एक पायरी उंच असतं. खुर्चीचे दोन पाय चौथऱ्यावर आणि दोन खाली आले, तर वेगवेगळी भोकं निवडूनही पातळी नीट जुळेलच असं नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी चौथऱ्याची लांबी-रुंदी आणि दाराची मोकळी रुंदी मोजून न्यावी. चारही पाय एका पातळीवर येत नसतील तर गवंड्याकडून चौथरा वाढवून घ्यावा. खाली विटा किंवा चिऱ्याचे तुकडे सारणं धोक्याचं. दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असं फिरवून घ्या. आत माणूस पडला आणि दाराला टेकला, तर बाहेरून कोणाला आत जाता येत नाही.

खाऱ्या हवेत रंग दिलेला लोखंडी पाइप आधी आतून गंजतो. बटणाची स्प्रिंग अडकते आणि उंची बदलता येत नाही. ॲल्युमिनियम थोडं महाग पडतं, पण हलकं असतं आणि तांबडा गंज धरत नाही. त्याचं वैर ॲसिडशी. भांडं धुताना खुर्ची बाहेर काढावी, मगच ॲसिड ओतावं. फोमची गादी नको, पावसाळ्यात तिला बुरशी धरते. सीट साधी प्लॅस्टिकचीच बरी. पायांची रबरी बुचं जांभ्याच्या खरबरीत फरशीवर लवकर झिजतात. आतला धातू दिसायला लागला की ओल्या लादीवर खुर्ची सरकलीच समजा. नवी आणताना जुनं बूच सोबत न्यावं.

बसताना वॉकर धरून लहान लहान पावलांनी वळायचं, ऑपरेशनच्या पायावर गिरकी घ्यायची नाही. गुडघ्यांच्या मागे खुर्ची लागली की तो पाय पुढे सरकवायचा, एकेक हात खुर्चीच्या हातांवर आणि मग सावकाश खाली. उठताना वॉकर ओढू नये, तो अंगावर उलटतो. खुर्चीच्या हातांना रेटून उठावं, उभं राहिल्यावर वॉकर धरावा.

एवढं सगळं सांभाळून पथ्य मोडतं ते बादलीपाशी. जमिनीवरच्या बादलीतून तांब्या भरायला वाकलं की कोन ९० च्या आत गेलाच. बादली स्टुलावर, हाताच्या उंचीला, न वळता पोचेल अशी ठेवावी. लांब नळीचा जेट असेल तर उत्तम.

आषाढातल्या रात्री वीज गेलेली, परसाची वाट शेवाळलेली, अशा वेळी खाली डबा लावून हीच खुर्ची पलंगाशेजारी ठेवता येते. तिची खरी किंमत तेव्हा कळते. जखमेवर पाणी घ्यायला परवानगी मिळाली की डबा काढून न्हाणीतही ती चालते.

भाड्याने घेताना चारही बटणं दाबून पाहावीत आणि लिहिलेली वजनमर्यादा पेशंटच्या वजनापेक्षा बरीच जास्त आहे ना, ते बघावं. बरेच सर्जन नंतरही उकिडवं बसायला मनाई करतात. तसं सांगितलं असेल तर भाडं भरत न बसता पक्का उंच कमोड आणि भिंतीला धरायची दांडी बसवून घ्यावी.