शिकवणीसाठी घेतलेला ब्लूटूथ हेडफोन आणि अचानक बसलेला आवाज : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हा हेडफोन मी आठ महिन्यांपूर्वी दोन कामांसाठी घेतला. एक म्हणजे रात्री घरातले सगळे झोपल्यावर संगणकावर जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे ऐकणे, आणि दुसरे म्हणजे दर शनिवारी गुरुजींची ऑनलाइन शिकवणी. पहिले तीन महिने तक्रारीला जागा नव्हती. कानावरच्या गाद्या मऊ आहेत, तास-दीड तासाच्या शिकवणीत कान दुखत नाहीत आणि एकदा चार्ज केला की आठवडा निघतो.

चौथ्या महिन्यातल्या एका शनिवारी शिकवणी संपली आणि मी नेहमीप्रमाणे तानपुऱ्याची फाइल लावली. ती माझ्याच मिरजेच्या तानपुऱ्याची आहे, त्यामुळे त्यातला कण न् कण मला पाठ आहे. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला की जवारी लागते आणि तारेभोवती जो झणत्कार उभा राहतो, तो त्या दिवशी नव्हता. षड्ज कळत होता, पंचम कळत होता, खर्जातून उमटणारा गंधारही पुसट का होईना कळत होता; पण त्या सगळ्यावरची चमक कोणीतरी पुसून टाकल्यासारखी झाली होती आणि डावा-उजवा भेद पार नाहीसा झाला होता. जुन्या काळी ट्रंक कॉलवर गाणे ऐकावे, तसा तो आवाज होता.

घराजवळच्या दुरुस्ती करणाऱ्याने संगणक पाहिला आणि मदरबोर्डवरची साउंड चिप गेल्याचे सांगून नवे कार्ड टाकायला सुचवले. मला ते पटेना, म्हणून घरी येऊन मी दोन साध्या चाचण्या केल्या. तारेचा इअरफोन त्याच संगणकाला लावला, तर आवाज स्वच्छ आला. म्हणजे चिपही शाबूत होती आणि फाइलही. हाच हेडफोन मोबाइलला जोडला, तर तिथेही जवारी जशीच्या तशी ऐकू आली. म्हणजे हेडफोनही शाबूत होता. दोष होता तो फक्त या दोघांच्या जोडणीत. ब्लूटूथचा आवाज मदरबोर्डवरच्या त्या चिपमधून जातच नाही, हे मला पुढे समजले, आणि कार्डावर पैसे घातले नाहीत याचे समाधान वाटले.

खरे कारण असे निघाले. संगणक ब्लूटूथ हेडफोनशी दोन निरनिराळ्या पद्धतींनी बोलतो. नुसते ऐकायचे असेल, तर ए-टू-डी-पी नावाची पद्धत चालते. तिच्यात आवाज स्टिरिओ असतो आणि सेकंदाला साधारणपणे ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाच्या लाटेची मोजमापे, घेतले जातात. हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला, की जोडणी फोनवरच्या संभाषणासाठी असलेल्या हँड्सफ्री पद्धतीवर जाते. तिथे आवाज एकपदरी (मोनो) होतो आणि नमुने साधारणपणे ८,००० किंवा १६,००० वर येतात. नमुन्यांच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच आवाज पकडता येत असल्यामुळे ८,००० नमुने असताना ४,००० हर्ट्झच्या वरचे सगळे गळून पडते. गंधार त्याच्या पुष्कळ खाली असतो, म्हणून तो वाचला होता. जवारीची चमक वर असते, म्हणून ती गेली.

मग तीन महिने हे का झाले नाही? कारण तोपर्यंत मी वेबकॅमचा मायक्रोफोन वापरत होते. तो वेबकॅम बिघडला आणि शिकवणीच्या प्रोग्रामने मला न विचारता हेडफोनचा मायक्रोफोन निवडला. शिवाय खिडकी बंद केली, तरी तो प्रोग्राम घड्याळाशेजारच्या कोपऱ्यात चालूच राहत होता आणि मायक्रोफोन सोडत नव्हता. त्याच कोपऱ्यात विंडोज १० मायक्रोफोनचे छोटे चिन्ह दाखवते; ते मी रोज पाहत होते, पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

उपाय पाच मिनिटांचा ठरला. कंट्रोल पॅनेलमधील ‘डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स’मध्ये हेडफोनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘सर्व्हिसेस’खालची ‘हँड्सफ्री टेलिफोनी’ची खूण काढली आणि बोलण्यासाठी तारेचा साधा यूएसबी मायक्रोफोन घेतला. यामुळे हेडफोनचा मायक्रोफोन संगणकावर पूर्ण बंद होतो, हे ध्यानात ठेवावे. माझे त्यावाचून काही अडले नाही. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘कम्युनिकेशन्स’ नावाचे पान असते. तिथे संभाषण चालू असताना इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची सूचना मुळातच निवडलेली असते. तीही मी बदलली, कारण गुरुजी बोलू लागले की माझ्याकडचा तानपुरा एकदम दबत असे.

आवाज चेपलेला नसून तुटक येत असेल, तर मात्र कारण बहुधा वेगळे असते. माझ्याकडे तोही त्रास महिनाभर झाला. ब्लूटूथचा डोंगल (संगणकाच्या यूएसबी खाचेत लावायचा छोटा तुकडा) मागच्या बाजूला यूएसबी ३.० च्या हार्ड डिस्कला खेटून होता, आणि त्या जोडणीचा विद्युत गोंगाट ब्लूटूथच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. डोंगल वायरने पुढे आणून टेबलावर ठेवल्यावर आवाज तुटायचा थांबला.

तेव्हापासून ऐकण्याच्या कामात हेडफोनने एकदाही दगा दिलेला नाही, आणि त्यासाठी मी तो मनापासून सुचवीन. केवळ त्यात मायक्रोफोन आहे म्हणून मात्र घेऊ नये. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओ पद्धतीत मायक्रोफोन चालू होताच आवाज बसण्याची ही अडचण सोडवण्याची सोय आहे, पण ती हेडफोन आणि संगणक दोन्हींत असावी लागते, तेव्हा खरेदीपूर्वी दोन्हींची माहिती वाचावी. एक उणीव कायम आहे: आवाज कानाशी किंचित उशिरा पोचतो. ऐकताना ते जाणवत नाही, पण तबल्याच्या ठेक्यावर गायला बसले, की सम हातातून निसटते. म्हणून रियाजाला मी अजूनही तारेचाच इअरफोन लावते.