प्रोसेसरच्या चुका: कर्नलने फेरी मारावी की हाकेची वाट बघावी?

कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीत) किंवा मुख्य मेमरीत एखादा बिट उलटला, म्हणजे 0 चा 1 किंवा 1 चा 0 झाला, तर सर्व्हरचं हार्डवेअर बहुतेक वेळा तो स्वतःच दुरुस्त करतं आणि मशीन चेक बँकेच्या (चुका टिपणाऱ्या रजिस्टरांच्या गटाच्या) स्टेटस रजिस्टरमध्ये नोंद ठेवतं. ती नोंद लिनक्सच्या कर्नलने, म्हणजे त्याच्या गाभ्याने, उचलायची कधी?

पोलिंगमध्ये कर्नल स्वतः बँका तपासत फिरतो. मूळ अंतर 5 मिनिटांचं. चूक दिसली की निम्मं, शांतता असली की पुन्हा दुप्पट. जुन्या प्रोसेसरवरही हे चालतं. पण एका बँकेत एकच नोंद मावते. दोन फेऱ्यांमध्ये तीन चुका झाल्या, तर पत्ता, म्हणजे चूक मेमरीत नेमकी कुठे झाली ते, एकीचाच हाती लागतो. बाकीच्यांची खूण म्हणजे ओव्हरफ्लो बिट, जो आणखी चुका झाल्या एवढंच सांगतो. रॅमची खराब पट्टी शोधताना तो हरवलेला पत्ता फार महागात पडतो.

दुसरी वाट हाकेची: इंटेलचं सीएमसीआय (करेक्टेड मशीन चेक इंटरप्ट), नेहालेम या प्रोसेसर पिढीपासूनचं, दुरुस्त झालेल्या चुका ठरलेल्या मर्यादेला पोचल्या की इंटरप्ट देतं, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून कर्नलला हाक मारतं. लिनक्स ती मर्यादा 1 ठेवतो, म्हणजे पहिल्याच चुकीला हाक. मला हेच पटतं. मात्र पट्टी पुरती बिघडली की इंटरप्टचा भडिमार होऊन कामं खोळंबतात. तेव्हा कर्नल ही हाक आवरती घेऊन पोलिंगवर येतो, वादळ शमलं की परत फिरतो.

दुरुस्त न होणारी गंभीर चूक या दोन्हींसाठी थांबत नाही. ती थेट 18 क्रमांकाचं एक्सेप्शन (प्रोसेसरने कर्नलला तातडीने दिलेली सूचना) घेऊन येते.