नळाच्या पाण्यातला गाळ दाखवून १७,२०० रुपये नेले

चवथीच्या आधी घराघरांत साफसफाई चालू असते, नेमकी तीच वेळ साधून ही माणसं येतात. "वहिनी, पाणी फुकट तपासून देतो" म्हणत आलेल्याने जागेवर ५,००० जीपेने घेतले, पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन बसवल्यावर ९,८०० रोख आणि वर्षाच्या सर्व्हिसचे २,४०० वेगळे. सर्व्हिसला कुणी फिरकलेलं नाही, फोन बंद.

दोन पेले, त्यात सळया, प्लग लावला. आमच्या नळाच्या पाण्यावर हिरवट-तपकिरी लगदा तरंगायला लागला, त्याच्या बाटलीतलं पाणी तसंच नितळ. "हेच रोज पोटात जातं!" सासऱ्यांना मुतखडा आहे हे त्याने आधीच गोड बोलून काढून घेतलं होतं. घरात दुखणं असताना तो लगदा बघून कुणीही पैसे काढले असते.

संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सळया बुडवण्याआधी त्याने टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर पाण्यात धरलं आणि आकडा स्वतःच मोठ्याने वाचला: ७२. भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत चालतो! २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ५०० च्या खाली आरओवर बंदी आणायला सांगितलं होतं. आरओ खाऱ्या, जड पाण्यासाठी. आमच्याकडे गोव्यात ओपाच्या प्रकल्पाचं, खांडेपार नदीचं पाणी, ते कसलं जड? तिथेच त्याला दार दाखवायला हवं होतं. पण ७२ म्हणजे चांगलं की वाईट, हे आम्हाला कधी कुणी सांगितलंय?

तो लगदा पाण्यातला नसतोच. पाण्यात थोडे क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडी सळई विरघळते, त्याचा तो लगदा. शेजारच्या सरांनी याच मशीनच्या पाण्यात मीठ टाकून दोन खिळे बॅटरीला जोडले. तेही तपकिरी झालं.

पावतीवर शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. पावती नीट बघितल्याशिवाय दमडी देऊ नका.

चौकीवर गेले तर "मशीन मिळालं ना? मग फसवणूक कसली?" पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात म्हणाले, आमचं पाणी चांगलंच आहे. मग तेवढंच लिहून द्या म्हटलं, तर साहेब सुटीवर. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदली, तर विक्रेत्याचा पत्ता मागतात. पत्ता असता तर मीच गेले नसते का? लोकांच्या दारात जाऊन पाणी विषारी म्हणणाऱ्याला या राज्यात कुणी विचारणारच नाही, आणि तक्रार करणाऱ्या बाईने मात्र झेरॉक्स घेऊन फिरायचं!

टीडीएसवरून जंतू कळत नाहीत, म्हणून पावसात पाणी उकळाच. गच्चीवरची टाकी धुऊन घ्या. गढूळ येत असेल तर साधा गाळणीचा फिल्टर पुरतो. आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, तेही आपल्याच बिलाचं.

असाच एकजण आता शेजारच्या वाड्यावर फिरतोय असं कळलंय. दारात आलाच तर सळया पाण्यात घालू देऊ नका, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आजच सांगून ठेवा.