वॉच ड्युटी ॲप: एका निवृत्त लाइनमनचा अभिप्राय

फोनमध्ये काही घालायचं असलं की मी फोन मुलाच्या हातात देतो. हे एकच ॲप, वणव्यांची खबर देणारं, मी स्वतः घातलं. ७ जानेवारी २०२५ ची रात्र, कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेनातलं मुलाचं भाड्याचं घर, वीज गेलेली आणि बाहेर सांताआना म्हणतात तो डोंगराकडून सुटणारा कोरडा, जोराचा वारा. आवाज असा, की पत्र्याच्या शेडवरनं कुणी रिकामी ट्रॉली ओढत नेतंय. मी सवयीनं मेणबत्ती शोधायला लागलो तर सूनबाई म्हणाली, "अण्णा, आज मेणबत्ती नको." खिडकीतून उत्तरेकडचा डोंगर केशरी दिसत होता. गप्प बसलो.

तेवढ्यात शेजाऱ्यानं दार वाजवून विचारलं, तुमच्याकडे वॉच ड्युटी आहे का? मला वाटलं, वॉचमनची चौकशी करतोय. मुलगा बॅगा भरत होता, तो वरूनच ओरडला, "ॲप आहे अण्णा, टाका फोनवर!" टाकलं. ॲप फुकट आहे. पैसे भरले (वर्षाला २५ डॉलर, म्हणजे दोन हजारांच्या वर) तर पाणी टाकणारी विमानंही नकाशावर दिसतात. मी भरले नाहीत. विमानं डोक्यावरूनच जातात की.

उघडलं की नकाशा. प्रत्येक आगीला नाव, किती एकर जळलं, किती टक्के आटोक्यात, वारा कुठून. तांबडा भाग म्हणजे निघा, पिवळा म्हणजे तयारीत राहा. अमेरिकेत पाऊस इंचात, ऊन फॅरनहाइटमध्ये, दूध गॅलनमध्ये. माझा सगळा हिशोब चुकतो. पण आग एकरात सांगतात! एकर म्हटलं की डोळ्यापुढं शेत येतं. आमची घरची जमीन पावणेतीन एकर. आमच्या डोंगरावरची आग, तिचं नाव ईटन, शेवटी १४,०२१ एकरांवर गेली, आणि समुद्राकडची पॅलिसेड्सची २३,४४८ वर.

जॉन मिल्स नावाच्या माणसानं सोनोमा भागात २०२१ साली हे सुरू केलं. नफा कमवायचा नाही अशी संस्था आहे. पगारी माणसं थोडी, बाकी स्वयंसेवक, त्यात निवृत्त अग्निशामक आणि कंट्रोल रूमला बसलेली माणसं. ही मंडळी अग्निशमन दलाचा वायरलेस ऐकत बसतात आणि पक्कं कळलं तेवढंच लिहितात. मला हे फार ओळखीचं वाटलं. आमच्या सबस्टेशनला रात्रपाळीचा ऑपरेटर असाच बोलायचा. अमुक फीडर ट्रिप (म्हणजे तिकडची लाइन बंद पडली), तमुक वाडीच्या पुढं तार तुटली. कुणा साहेबाच्या बंगल्यात अंधार झालाय, हे तो सांगत नसे. ते सांगायला साहेब स्वतःच फोन करायचे.

आता टीव्हीचं सांगतो. आम्ही दक्षिणेला आर्टेशिया गावात मुलाच्या मित्राकडे जाऊन पडलो. तिथं हॉलमध्ये टीव्ही दिवसरात्र चालू, सोफ्यावर आम्ही सात जण. पॅलिसेड्सची आग सकाळी साडेदहाची, ईटनची संध्याकाळी सव्वासहाची, त्यामुळं कॅमेरे आधीच समुद्राकडं पोचलेले, हे मान्य. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बिली क्रिस्टल या नटाचं घर गेलं. पॅरिस हिल्टनचं समुद्रकाठच्या मालिबूतलं घर गेलं. कुणाचं किती कोटींचं, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. सांगलीच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हॉलिवूडची पाटी जळतानाचं चित्र येऊन पडलं. मी ॲप उघडलं. पाटीपाशी आग नव्हती. चित्र कॉम्प्युटरनं बनवलेलं. ग्रुपवर तसं कळवलं तर पुतण्याचं उत्तर, "काका, पण त्या नट्यांची घरं तरी खरी जळाली ना? जळू देत, पैसेवाले आहेत."

खोटं का बोला, त्याच्या आदल्याच दिवशी एका नटाच्या जळक्या बंगल्याचा व्हिडिओ मीही पुढं ढकलला होता. म्हणून त्याला रागावता आलं नाही. त्याला एवढंच लिहिलं की पॅलिसेड्समध्ये समुद्राच्या रस्त्याला लागून ट्रेलर-घरांच्या दोन वसाहती होत्या, जुनी माणसं वर्षानुवर्षं राहत होती, त्याही गेल्या. आणि बंगल्यांत धुणंभांडी करणाऱ्या, बागा राखणाऱ्या माणसांची कामं एका रात्रीत संपली, ती कुणाच्या आधीच्या-नंतरच्या फोटोत नाहीत. उत्तर आलं नाही. अंगठा आला.

ॲपवर मात्र पॅलिसेड्स, ईटन, हर्स्ट, लिडिया सगळ्या आगी एका ओळीत. नाव, एकर, टक्के. घराची किंमत लिहायला जागाच ठेवलेली नाही. माझ्या लेखी या ॲपचा सगळ्यात मोठा गुण हाच.

९ तारखेला दुपारी सगळ्यांचे फोन एकदम बोंबलायला लागले: निघायच्या तयारीत राहा म्हणून सरकारी इशारा. आर्टेशियात! जवळची आगही तीसेक किलोमीटर लांब. सूनबाईनं पोराला उचललंच होतं. नकाशा बघितला, आमचा भाग कोरा. थोड्या वेळानं खुलासा आला की इशारा चुकून सगळ्या काउंटीला (म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) गेला. त्या पाच-दहा मिनिटांचे मी ॲपला वेगळे मार्क देतो.

पण नकाशा कोरा असला म्हणजे धोका नाही असं नव्हे, हे मला नंतर कळलं. पासाडेनाच्या वरच्या अंगाला अल्ताडेना. तिथले एक गृहस्थ मला रोज सकाळी फिरताना भेटायचे, टपाल खात्यातून निवृत्त, कृष्णवर्णीय. मी त्यांना पोस्टमास्तर म्हणायचो, ते मला मिस्टर सांगली. त्यांचं घर लेक ॲव्हेन्यू नावाच्या मोठ्या रस्त्याच्या पश्चिमेला. पूर्वी काळ्या माणसाला घर आणि कर्ज जिथं मिळू शकलं अशा मोजक्या ठिकाणांतलं हे एक. म्हणून तिथं आजोबांनी घेतलेल्या घरात नातवंडं राहत होती. त्या रस्त्याच्या पूर्वेला त्या रात्री निघण्याचे हुकूम संध्याकाळीच सुटले. पश्चिमेला पहाटे साडेतीनच्या सुमारास, तोवर तिकडं घरं पेटलेली होती. ईटनच्या आगीत १९ माणसं गेली, बहुतेक सगळी रस्त्याच्या पश्चिमेची. पॅलिसेड्समध्ये १२.

म्हणजे पोस्टमास्तरांनी मध्यरात्री नकाशा बघितला असता तर तो कोराच दिसला असता. हा दोष मी ॲपला लावत नाही. हुकूमच निघाला नाही तर ते रंग कुठून भरणार? वायरलेसवरची खबर खाली मजकुरात येते, ती वाचायची सवय लावा. नुसता रंग बघू नका. पोस्टमास्तरांना लेकीनं येऊन नेलं, कारण तिला धुराचा वास आला. ॲप त्यांच्याकडं नव्हतं, फोन घडीचा.

मार्चमध्ये त्यांच्याबरोबर त्यांच्या प्लॉटवर गेलो. विटांचं धुराडं तेवढं उभं. मोटारीच्या चाकाचं अल्युमिनियम वितळून उतारानं वाहत गेलेलं आणि जागच्या जागी थिजलेलं, चांदीच्या ओघळासारखं. अल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. आमच्या लाइनीच्या तारा अल्युमिनियमच्याच, शॉर्ट होऊन टोकाला मणी झालेले मी शेकड्यानं बघितलेत, पण हातभर लांब ओघळ पहिल्यांदाच. मी वाकून बघत होतो तर पोस्टमास्तर म्हणाले, एक कॅमेरावाला आला होता. या गल्लीत कुणी प्रसिद्ध माणूस राहायचा का, असं विचारलं. मी म्हटलं, मग? म्हणाले, "मी सांगितलं, हो, मी. बत्तीस वर्षं सगळ्या गल्लीला पत्रं वाटलीत."

२०१९ च्या पुरात आमच्याकडं हेच बघितलंय. मदतीचे ट्रक यायचे ते मोठ्या रस्त्याच्या गावांत रिकामे व्हायचे. तिथं बिस्किटांचे पुडे तीन-तीनदा, आतल्या वाडीला पाण्याची बाटली नाही. देणाऱ्याचं मन वाईट नसतं. ट्रक जिथं वळू शकतो तिथंच थांबतो.

जरा धंद्याचं बोलतो, ते बोलल्याशिवाय मला राहवत नाही. ईटन कॅनियनच्या डोंगरावर वीज कंपनीचे टॉवर आहेत. तिथं १९७१ पासून बंद पडलेली एक लाइन आहे आणि तिच्यातूनच ठिणगी पडली असा संशय आहे. दावे कोर्टात आहेत, निकाल कोर्ट देईल. बंद लाइनीत वीज कशी, असं मुलगा विचारत होता. अरे, शेजारून चालू लाइन गेली असली की बंद तारेतही वीज उतरते. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, बंद लाइन मेलेली समजायची नाही. परमिट घ्या, अर्थिंगचा रॉड लावा, मगच हात. टीव्हीवर चार दिवसांत बंगले शंभरदा दाखवले, टॉवर मी दोनदा बघितला.

परत पासाडेनाला आलो तेव्हा 'रोझ बोल' स्टेडियमच्या आवारात अग्निशमनाचा तळ पडला होता, तंबू, गाड्यांच्या रांगा. केशरी कपड्यांतल्या टोळ्याही होत्या, ते तुरुंगातले कैदी. राज्यभरातून हजारावर आणले होते, दिवसाला सहा ते दहा डॉलर मूळ मजुरीवर. दुसरीकडं पैसेवाल्यांनी खाजगी बंब भाड्यानं आणले, त्याची चर्चा भरपूर झाली. मुलगा म्हणाला, हे दरवेळचंच. ८ नोव्हेंबर २०१८ ला एकाच दिवशी दोन आगी लागल्या, एक उत्तरेला पॅराडाइज गावाला, एक इकडं मालिबूच्या बाजूला. पॅराडाइजमध्ये ८५ माणसं मेली, मालिबूकडं तीन. त्याच्या ऑफिसात विचारलं तर अजून मालिबूच्याच गोष्टी निघतात.

तर ॲपला पाचपैकी साडेचार. अर्धा मी राखून ठेवतो, माझा स्वभाव आहे. मुलाकडं कॅलिफोर्नियाला जाणार असाल तर सामान आवरायच्या आधी फोनवर घाला. नोटिफिकेशन मात्र राहता त्याच काउंटीचं ठेवा. मी उत्साहात पाच काउंट्या निवडल्या होत्या. मे महिन्यात सांगलीला परत आलो, तरी काढल्या नाहीत. तिकडची दुपार म्हणजे इकडची मध्यरात्र, आणि आग लागते ती दुपारी. परवा रात्री अडीचला वाजला. कुठलंसं गवत पेटलेलं, चार एकर. मी चष्मा लावून आधी ईटनच्या बाजूचं काही आहे का ते बघितलं. आमची ही कुशीवर वळत म्हणाली, "रिटायर होऊन सात वर्षं झाली, तुमची ड्युटी काही सुटत नाही."